हीट नंबर: शिरोली ते चाकण

(भट्टी तिरकी होते, लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यात, लोखंडाची धार)

कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी. भट्टीतलं लोखंड 1,400 अंशांच्या पुढे गेलंय. मेल्टर पळीभर रस काढतो, छोट्या साच्यात ओततो. थंड झालेली चकती घासून चकचकीत केली, की स्पेक्ट्रोमीटरवर. एक ठिणगी, आणि मिनिटभरात पडद्यावर आकडे: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस.

इथेच या लोखंडाला नाव मिळतं, हीट नंबर. गुऱ्हाळात एका काहिलीतला रस म्हणजे एक आधण, तशी इथे एक हीट.

आणि गुऱ्हाळाशी या भट्टीचं जुनं नातं आहे. उसाला पाणी द्यायला, चरक फिरवायला ऑइल इंजिनं लागायची. ती कोल्हापुरातच, शिवाजी उद्यमनगरात बनू लागली. इंजिनांमागून फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आल्या आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा पसारा वाढला. आज इथलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, ट्रॅक्टर, ट्रक आणि मोटारींत जाऊन बसतं.

(लॅडलमध्ये मॅग्नेशियमचा पांढरा लखलखाट)

हे एसजी आयर्न, मॅग्नेशियम घालून चिवट केलेलं ओतीव लोखंड. मॅग्नेशियम घातलं, की हातात साधारण 10 मिनिटं. त्याच्या आत साचे भरले नाहीत तर मॅग्नेशियमचा गुण ओसरतो, भागाची ताकद जाते, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. ही वेळ पूर्वी सुपरवायझरच्या मनगटावर असायची. आता लॅडलच्या प्रत्येक फेरीची वेळ, ओततानाचं तापमान, साचे बनवायच्या वाळूतला ओलावा, सगळं हीट नंबरसमोर आपोआप नोंदलं जातं.

(शॉट ब्लास्टिंगमधून, म्हणजे छऱ्यांच्या माऱ्यानं साफ होऊन, बाहेर पडणारे नग, त्यांवर क्यूआर कोड उमटतो)

साफ झालेल्या नगावर हा चौकोन उमटतो. भाजी घेताना आपण मोबाइलनं स्कॅन करतो तोच. पण त्याचा जन्म मोटारींच्या सुट्या भागांसाठीच झालाय. 1994 साली, जपानच्या डेन्सो कंपनीत. बारकोडमध्ये जेमतेम 20 अक्षरं मावायची, म्हणून एकाच खोक्यावर अनेक बारकोड आणि कामगारानं ते एकेक करून वाचायचे. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आडवी-उभी दोन्हीकडे माहिती साठवणारा कोड काढला. त्यात 7,000 आकडे मावतात. 30 टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. तेल, धूळ आणि घासाघासीच्या जागी हे लागतंच. डेन्सोनं तो वापरायला सगळ्यांना मोकळा ठेवला, म्हणूनच तो शिरोलीच्या छोट्या शेडपर्यंत पोचला. ही फार मोठी गोष्ट आहे.

(रात्रीचा महामार्ग, टोलनाका)

ट्रक निघण्याआधीच माल काय, किती, कुठल्या हीटचा, हे पुण्याजवळच्या चाकणला, माल घेणाऱ्या मोटार कंपनीच्या पडद्यावर पोचलेलं असतं. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. वाटेतल्या टोलनाक्यांवर फास्टॅग वाजतो, गाडी कुठवर आली ते दिसतं. चाकणला काही भागांचा साठा तासांत मोजतात. खंबाटकी घाटात गाडी अडकली, तर तिथला प्लॅनर लाइनवरचं काम मागेपुढे करू शकतो.

(चाकण. गेटवर स्कॅनर, पॅलेट उतरतात)

तडा गेलेला नग सापडला, तर त्या हीटचेच नग बाजूला काढतात. पूर्वी महिन्याभराचा माल अडकून पडायचा.

(पुन्हा शिरोली. ऑफिसातला कॉम्प्युटर, बाजूला कागदांची चळत)

ही सगळी माहिती शिरोलीहून चाकणला जाते. उलट काय येतं? शेड्यूल, आणि महिन्याच्या मध्येच बदललेलं शेड्यूल. मशीनिंगला कुठल्या हीटमध्ये टूल लवकर झिजलं, कुठल्या नगात ब्लो होल, म्हणजे वायूमुळे राहिलेली पोकळी, निघालं, हे फाउंड्रीवाल्याला बऱ्याचदा कळतं ते पैसे कापल्याची डेबिट नोट हातात पडल्यावर. तोवर त्याच वाळूत, त्याच पद्धतीनं कितीतरी हीट ओतून झालेल्या असतात.

तोच तपशील हीटवार, त्याच दिवशी मिळाला, तर वाळूचा ओलावा आणि ब्लो होल शेजारी-शेजारी मांडून बघता येतात, आणि दुरुस्ती पुढच्या पाळीत होते. स्पेक्ट्रोमीटर लहान कारखानदारानं कर्ज काढून घेतलाय, स्कॅनरही घेतलाय. त्याच्या मालाचा तपशील मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेच. तो व्हेंडर पोर्टलवर, म्हणजे पुरवठादारांसाठीच्या वेबसाइटवर, खुला करायला एकही नवं मशीन लागत नाही.