ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो?

आयोजकांनी विषय दिलाय ‘घर सोडण्याआधीची तयारी’. त्यावर येतेच. पण आधी एक विचारते, उत्तर मनातच द्या. तुमच्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय?

बघा, एकमेकींकडे बघायला लागलात.

मारहाण होणाऱ्या घरातली बाई आमच्या समुपदेशन केंद्रात येते तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘ताई, मला आता तिथं राहायचंच नाही.’ ‘जरा सहन कर’ हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. जिवावर बेतलं असेल तर नेसत्या साडीनिशी बाहेर पडायचं, कागदपत्रं मागाहून बघू. पण जिच्या हातात चार-सहा महिने आहेत, तिनं ते महिने वापरावेत.

एका बाईचं सांगते. फॉल-पिको करायची. एका साडीमागं सुटणारे पैसे साठवत तीन वर्षांत बावीस हजार जमवले होते. खातं तिच्या नावावर, पासबुक तिच्याकडे, पिठाच्या डब्याखाली. एकदा पाचशे रुपये भरायला गेली आणि त्याच क्षणी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. खातं काढताना नंबर त्याचा दिलेला, कारण तेव्हा घरात फोनच एक! तो काही बोलला नाही. त्या रात्री जेवायला बसल्यावर त्यानं ते पासबुक तिच्या ताटात, भाकरीशेजारी ठेवलं. एटीएम कार्ड कपाटात असायचं आणि पिन त्यानंच घालून दिलेला. आठवड्यात खातं रिकामं झालं.

मी तिला घेऊन बँकेत गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘मिस्टरांना घेऊन या.’ खातं बाईचं, सही बाईची, घाम बाईचा आणि नंबर बदलायला मिस्टर! दोन तास उभ्या राहिलो. असा कुठलाही नियम नाही हे त्यांच्याच साहेबांनी शेवटी कबूल केलं. पण एकटी गेलेली बाई त्या एका वाक्यानं माघारी फिरते, परत येत नाही. याचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझा आग्रह आहे, सुरुवात नंबरापासून करा. साधा बटणांचा फोन चालेल, पण सिम आपल्या नावाचं हवं. मग आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला जोडा, म्हणजे आधारचा ओटीपी तुमच्याच फोनवर येईल. त्याला वेगळा कागद लागत नाही, अंगठा पुरतो. आणि जुन्या खात्यात नंबर बदलायला जाऊ नका, कारण बदलल्याचा मेसेज बऱ्याचदा जुन्या नंबरावर जातो. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात नवं खातं काढा. तिथं सरकारी अनुदानासाठी आधार जोडायचं का विचारतील, त्याला तूर्त नाही म्हणा. का? ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यात येतात. ते नव्या खात्यात वळले की घरात लगेच बोभाटा होतो. पासबुक घरी नकोच, गटातल्या विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. बचत गटाची बैठक हे बाईचं असं एक ठिकाण आहे, जिथं जायला घरून सहसा अडवत नाहीत. त्याचा उपयोग करा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. जमेल तेवढं सांगते.

स्वतःचं आधार, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, लग्नाचा दाखला, दवाखान्याचे कागद या सगळ्यांच्या झेरॉक्स माहेरी किंवा मैत्रिणीकडे आधीच जाऊ द्या. दागिने हे स्त्रीधन आहे, ते तुमचं. फोटो काढून ठेवा.

कायदा २००५ चा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा. त्याचं १७ वं कलम सांगतं की घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहायचा हक्क आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय. म्हणजे प्रत्येकीनं घर सोडलंच पाहिजे असं नाही, नवऱ्याला मारहाणीपासून रोखणारा आदेशही कोर्टाकडे मागता येतो. अर्ज करायला या कायद्याखाली सरकारनं नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. राहायची सोय नसेल तर तात्पुरत्या आसऱ्याला सरकारचं सखी वन स्टॉप सेंटर आहे.

निघायचा दिवस कुणाला सांगू नका, भांडणात तर मुळीच नाही. बाई जातेय हे कळतं तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो.

महिला हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करू नका, पाठ करा. तीनच आकडे आहेत, १८१. पोलीस हवे असतील तर ११२. म्हणा माझ्याबरोबर. मागच्या रांगेतून आवाज आला नाही, पुन्हा म्हणा.

मी चहाच्या टेबलापाशी थांबतेय. कुणाला बोलायचं असेल तर कप घेऊन या, बघणाऱ्याला वाटेल चहाच घेतोय.