वाऱ्यावरची माशी

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात लहानपणी खाडीवर गरवायला जायचो, तेव्हा गरीजवळ शिशाचा तुकडा बांधलेला असायचा. गरगर फिरवून सोडला की दोरा त्याच्यामागून निमूट जायचा. वाऱ्याकडे लक्ष कोण देतो? लक्ष असायचं भरती-ओहोटीकडे. पुढे आयर्लंडमध्ये फ्लाय फिशिंग शिकायला उभा राहिलो आणि सगळं उलटंच निघालं.

इथे गरीवर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी असते. तिला वजन असं नाहीच, वजन असतं ते दोऱ्यात. तेही किती? पाच नंबरच्या दोऱ्याच्या पहिल्या ३० फुटांचं जेमतेम ९ ग्रॅम, सात नंबरच्या दोऱ्याचं १२. काठीने हा दोरा मागे-पुढे झुलवायचा; हवेत त्याचा वेढा उलगडत जातो आणि टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. आता या ९ ग्रॅमच्या वाटेत अटलांटिकवरून येणारा वारा उभा करा!

नवशिका अशा वेळी जोर लावतो. मीही लावला. काठीला अवेळी हिसका बसला की दोरा स्वतःलाच अडकतो आणि टोकाच्या बारीक दोऱ्यावर गाठी पडतात. त्यांना तिथे ‘वाऱ्याच्या गाठी’ म्हणतात. गाठ आपल्या हाताची, नाव मात्र वाऱ्याचं!

समोरून वारा असेल तर मागची फेक उंच आणि पुढची पाण्याच्या दिशेने खाली ठेवायची, कारण पाण्यालगत वारा मंद असतो. वेढा अरुंद हवा, टोकाचा बारीक दोरा आखूड हवा. पाठीमागून वारा असेल तर उलट: पुढची फेक उंच सोडायची, बाकीचं वारा बघतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याला खरा धोका उजवीकडच्या वाऱ्याचा, कारण तो गरी थेट कानाशी आणतो. माझी टोपी अशीच एकदा उडाली. तेव्हापासून चष्म्याशिवाय मी काठीला हात लावत नाही. अशा वाऱ्यात पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागच्या फेकीनेच माशी पाण्यावर सोडायची. दिसतं विचित्र, पण कान शाबूत राहतो.

एवढं शिकून मी मे महिन्यात गॉलवेजवळच्या लॉख कॉरिब या अफाट तळ्यावर गेलो. सकाळ अगदी शांत होती, पाणी काचेसारखं. मी खूश. बोटवाला मात्र बोट काढेना. म्हणाला, ‘वारा कुठाय?’

तिथे डॅपिंग नावाचा जुना प्रकार आहे. मेफ्लाय नावाची माशी तळाच्या गाळात अळीच्या रूपात साधारण दोन वर्षं काढते आणि पंख फुटल्यावर काही खात-पीत नाही, जेमतेम दिवस-दोन दिवस जगते. मे महिन्यात त्या थव्याने पाण्यावर येतात आणि ट्राउट मासे त्यांच्यावर तुटून पडतात. या खऱ्या माश्याच गरीला लावायच्या. काठी पंधरा फुटांच्या आसपास, दोरा हलक्या रेशमासारखा. बोट वाऱ्याला आडवी धरून वाहू द्यायची, वाऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि काठी उभी धरायची. फेकायचं काहीच नाही! वाराच दोऱ्यात शिडासारखा भरतो, दोरा पुढे नेतो आणि माशी लाटांच्या माथ्यांवर नाचू लागते. लाटांनी फुटलेल्या पाण्यात माशाला बोटही नीट दिसत नाही.

दुपारी वारा उठला. तासाभराने पाणी फुगलं, एक पिवळसर पाठ दिसली आणि मी खाडीवरच्या सवयीने लगेच झटका दिला. दोरा रिकामाच हवेत आला. मासा माशी तोंडात घेऊन खाली वळेपर्यंत थांबायचं असतं, हे मला सकाळीच दोनदा सांगून झालं होतं. बोटवाला काही बोलला नाही. डब्यातली दुसरी माशी काढून त्याने माझ्या गरीला लावली आणि काठी उभी धरायची खूण केली.