अठराव्या वाढदिवसाआधी

(दृश्य: टॉवेलची थप्पी, शेजारी बारा खिळ्यांची लाकडी पट्टी)

दिव्यांग मुलाला शाळेनंतरच्या कामासाठी तयार करायचं, तर हे एक काम बघा. टॉवेल उचलायचा, झटकायचा, घडी घालून थप्पीवर ठेवायचा आणि पट्टीच्या एका खिळ्यात रिंग अडकवायची. बारा खिळे भरले की डझन झाला, दोरी बांधायची. बारापर्यंत मोजता न येणारं मूलसुद्धा सोलापुरी टॉवेलचा डझन चोख बांधू शकतं. चूक होते ती उचलताना. टेरीचं कापड एकमेकांना धरतं, दोन टॉवेल एकदम येतात आणि डझनात तेरा भरतात. म्हणून आधी झटकणं शिकवायचं, घडी नंतर.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळा सुटल्यावर पुढे काय, याची तयारी मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू व्हायला हवी. वर्गात रुमालाची घडी जमली म्हणून कारखान्यात मोठ्या टॉवेलची जमेलच असं नाही. तिथं यंत्रमागाचा खडखडाट असतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला पहिल्यांदा माग बंद असताना न्यावं, मग दहा मिनिटं, मग अर्धा तास. बाईंनी प्रत्येक पायरीला "आता हे कर" म्हटलं, तर मूल त्या आवाजाचीच वाट बघत बसतं. बोलणं कमी करत न्यायचं, खूण पुरेशी झाली की खूणही थांबवायची.

(दृश्य: बस थांबा)

प्रवासाचंही तसंच. आधी शेजारी बसायचं, मग दोन बाकं मागे, मग उतरायच्या थांब्यावर उभं राहायचं. थांबा चुकला तर काय करायचं, याचा सराव मुद्दाम थांबा चुकवूनच करावा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घरं अडकतात. अठरा पूर्ण झाली की अज्ञान (कायद्यानं अठराखालचं) म्हणून उघडलेलं मुलाचं बँक खातं नव्यानं केवायसी केल्याशिवाय चालत नाही. लहानपणी काढलेल्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपलेली असू शकते, ती तारीख आधीच बघून ठेवावी. सज्ञान मुलाचे आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण व्यवहार समजून सही करता येत असेल, तर तिथं पालक नेमू नये. कर्णबधिर किंवा अंध मुलामुलींची सही त्यांचीच.

(दृश्य: टेबलावर दोन फोटो)

एवढी धावपळ ज्याच्यासाठी, त्यालाच काम आवडतं का, हे विचारायचं राहून जातं. प्रत्येक कामाचा अनुभव दिल्यावरच विचारावं. बोलता येत नसेल तर दोन फोटो ठेवावेत: टॉवेलचं टेबल आणि झेरॉक्सचं दुकान. हात कुठे जातो ते तीन वेगवेगळ्या दिवशी वहीत लिहावं. दर वेळी फोटोंची जागा बदलावी, कारण काही मुलं नेहमी उजवीकडचाच उचलतात.