दुसऱ्या पसंतीची निवडणूक : १९६९

नमस्कार मंडळी,

राष्ट्रपतिपदासाठी खासदार-आमदार मत देतात आणि मतपत्रिकेवर उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती लिहितात. भारताच्या राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीच्या मतांवर आजवर एकदाच लागला, १९६९ साली. त्यात चिंतामणराव देशमुखांच्या मतांचा वाटा किती मोठा होता, हे आपण मराठी माणसांनी तरी नीट समजून घ्यायला हवे.

झाकीर हुसेन मे महिन्यात वारले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डींना उभे केले. सूचक म्हणून इंदिरा गांधींनीच सही केली होती. पुढे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. त्यावरून इंदिराजींनी व्हिप (पक्षाने सांगितल्याप्रमाणे मत देण्याचा आदेश) नाकारला आणि सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या असे सांगितले. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे होते, तर देशमुख जनसंघ-स्वतंत्र यांच्या पाठिंब्यावर.

उमेदवार १५. त्यातल्या पाच जणांना एकही मत पडले नाही. प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक मूल्य असते; वैध मतांच्या मूल्याची बेरीज ८,३६,३३७. त्याचे निम्मे करून शिल्लक सोडायची आणि एक मिळवायचा, म्हणजे जिंकण्यासाठीचा कोटा ४,१८,१६९. पहिल्या फेरीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा कुणीच गाठला नाही. मग तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या, असे करत शेवटी देशमुखांचा गठ्ठा फुटला. पुढची पसंती लिहिलेली नसेल तर ती मतपत्रिका तिथेच थांबते. अशी १०,८३३ मते वाया गेली. या सगळ्या वाटपात रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले.

फरक १४,६५०. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. गिरींकडचे तेरा खासदार रेड्डींकडे गेले असते, तर राष्ट्रपती बदलला असता! काँग्रेसचा उमेदवार ठरवणाऱ्या बेंगळुरूच्या बैठकीत रेड्डींच्या बाजूने हात वर करणारे यशवंतराव चव्हाण आणि त्यांच्यासारखे इतर नेते किती दडपणाखाली असतील, ते या आकड्यावरून कळते.

नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, गिरींनी स्वतः साक्ष दिली आणि याचिका फेटाळली गेली. १९७४ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीचा कायदा बदलला : दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत. १९७७ मध्ये ३७ अर्जांपैकी ३६ बाद झाले आणि तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले.