एकाच वर्गात

मे १८९७. केंब्रिज विद्यापीठात मतदान झालं. प्रश्न एवढाच होता, परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या स्त्रियांना पदवी द्यायची का? पदवीधर पुरुषांनी मोठ्या बहुमतानं नकार दिला.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, ससेक्समधल्या एका छोट्या निवासी शाळेनं मुलींना प्रवेश दिला. मुलींची वेगळी शाळा काढून नव्हे, तर मुलग्यांच्याच वर्गात बसवून. ही शाळा म्हणजे बीडेल्स.

संस्थापक जॉन हेडन बॅडली स्वतः केंब्रिजचेच. अठ्ठाविसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, त्यांनी बीडेल्स नावाच्या घरात ही शाळा सुरू केली, तेव्हा फक्त मुलग्यांसाठी. पुस्तकांच्या जोडीला शेतीकाम आणि सुतारकाम. हातही शिकले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. मुलींनाही घ्या, हा आग्रह मात्र त्यांच्या पत्नी एमी यांचा. त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या. बीडेल्सच्या इतिहासात त्यांचं नाव पतीच्या बरोबरीनं घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९०० मध्ये शाळा हॅम्पशायरमधल्या स्टीप गावी आली. जुन्या घराचं नाव तेवढं सोबत आलं.

आता हे ग्रंथालय पाहा. ओकचे जाड खांब, वर ओकच्याच तुळया, खिडक्यांशी वाचायला बसण्याचे कोनाडे. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचं हे स्मारक. आराखडा अर्नेस्ट गिम्सन यांचा, बांधणारे जेफ्री लप्टन, याच शाळेचे माजी विद्यार्थी. गिम्सन १९१९ मध्ये गेले. इमारत १९२१ मध्ये पूर्ण झाली. आपल्या सोबत्यांचं स्मारक आपल्याच हातांनी उभारायचं! लप्टन यांना ते कसं पेललं असेल?

बॅडली १९३५ मध्ये निवृत्त झाले. शाळा पुढेही स्वतःच्या वाटेनं चालत राहिली; २००६ पासून तिनं काही विषयांच्या राष्ट्रीय परीक्षांऐवजी स्वतःचे अभ्यासक्रम आणले. ही मोकळीक स्वतंत्र शाळेलाच मिळते. पण अशी शाळा पालकांच्या फीवर चालते, आणि ती फी भरणं मोजक्याच कुटुंबांना जमतं. ही खंत उरतेच.

केंब्रिजनं स्त्रियांना पूर्ण पदवी दिली १९४८ मध्ये. बीडेल्समध्ये मुली येऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. त्र्याऐंशी वर्षांच्या बॅडलींना तो दिवस पाहता आला.