वरातीमागून आलेलं घोडं

(जुन्या फिल्मची खरखर. मग ओला, रिकामा ट्रॅक.)

२० जानेवारी १९७१. इंग्लंडमधल्या न्यूनीटन गावाजवळचा ‘मायरा’ ट्रॅक. गाड्यांच्या चाचण्या घ्यायची ही जागा. आज मात्र इथे शूटिंग आहे. जॅग्वारची नवी, बारा सिलिंडरची ई-टाइप बाजारात यायची आहे, तिच्यासाठी फिल्म बनतेय. पण कॅमेऱ्यासमोर धावतेय ती ई-टाइप नाहीच. गडद हिरव्या रंगाची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकवून पळणारी ही गाडी कुठल्याच शोरूममध्ये कधी दिसली नाही. हिचं नाव एक्सजे-१३. जगात अशी एकच आहे.

चालवतोय नॉर्मन ड्यूइस. वय पन्नास. जॅग्वारचा मुख्य टेस्ट ड्रायव्हर.

चित्र इथेच थांबवू. पुढे काय झालं ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं.

(कॉव्हेंट्री. जॅग्वारचा ब्राउन्स लेनचा कारखाना.)

पन्नासच्या दशकात फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत म्हणजे जॅग्वारला घरचंच कार्य होतं. १९५१, ५३, ५५, ५६, ५७. सात वर्षांत पाच विजय. त्यातल्या शेवटच्या दोन वेळी तर गाड्या जॅग्वारच्या, पण टीम खासगी, स्कॉटलंडची. १९५६ नंतर तर कंपनीने स्वतः शर्यतीतून अंगच काढून घेतलं. मालक सर विल्यम लायन्स हिशेबाला पक्के. रोजच्या सलून, म्हणजे घरगुती बंद गाड्या विकायच्या, त्यातून कारखाना चालवायचा, हा त्यांचा खाक्या.

पण इंजिनिअर मंडळींना खुमखुमी होतीच. मुख्य इंजिनिअर विल्यम हेन्स यांच्या डोक्यात व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन कधीपासून घोळत होतं, क्लॉड बेली यांनी ते कागदावर उतरवलं. पाच लिटरचं, चार कॅमशाफ्टचं (झडपा उघडणारे दांडे), पाचशे अश्वशक्तीचं. आणि ते बसवलं चालकाच्या पाठीमागे. नुसतं ठेवलं नाही हं. गाडीचा मागचा सांगाडा म्हणून वेगळं काही नाहीच, इंजिन हाच सांगाडा. मागचं सस्पेन्शन त्याच्याच आधाराने उभं. म्हणजे इंजिन उतरवलं, की गाडीचा मागचा अर्धा भागच गेला.

(बाजूने, अगदी सावकाश सरकणारा शॉट.)

आता ही रेघ बघा. नाकापासून निघते, पुढच्या चाकावर चढते, दाराशी खाली येते, मागच्या चाकावर पुन्हा फुगते. कुठे कोपरा नाही, पंख नाही, चिकटवलेला तुकडा नाही. ही माल्कम सेयर यांची करणी. सेयर मूळचे विमान कारखान्यातले, ब्रिस्टल कंपनीतले. त्यांना कुणी ‘स्टायलिस्ट’ म्हटलेलं खपायचं नाही. वळण आधी गणिताने काढायचं, बिंदू न् बिंदू आकड्यांत मांडायचा, मग कागदावर रेघ. शाळेत ज्या लॉगटेबलने आपल्याला रडवलं, त्याच्याच जोरावर या माणसाने सी-टाइप, डी-टाइप, ई-टाइप आणि ही गाडी घडवली. माझं विचाराल तर या चारांत हीच सगळ्यात देखणी. वाद घालायला मी तयार आहे.

मार्च १९६६. गाडी बांधून तयार. आणि पुढे काय? काही नाही.

जूनमध्ये फोर्डने सात लिटरच्या जीटी-४० घेऊन ल माँमध्ये पहिले तिन्ही नंबर मारले. जुलैमध्ये जॅग्वार आणि बीएमसी या कंपन्यांच्या एकत्रीकरणाची घोषणा झाली, आणि शर्यतीवर उधळायला पैसा कुणाकडे उरला नाही. घोडं सजून दारात उभं, पण वरात केव्हाच पुढे गेलेली. लायन्स यांचा हुकूम सुटला, गाडी झाकून ठेवा, बाहेर काढायची नाही.

आता ड्यूइसच्या स्वभावाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात हा माणूस ब्लेनहाइम विमानात गनर होता. १९५३ मध्ये बेल्जियममध्ये जॅग्वार ताशी १७२ मैलांनी पळवली. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनाला एक ई-टाइप कमी पडली, म्हणून कॉव्हेंट्रीहून रात्रभर गाडी हाणत सकाळी हजर झाला. असा माणूस आणि ताडपत्रीखाली उभी अशी गाडी, एकाच आवारात.

१९६७ मधला एक रविवार. कारखान्याला सुट्टी. ड्यूइसने गाडी बाहेर काढली आणि मायराला नेली. परवानगी? कुणाची? लायन्स यांच्या कानावर जायला वेळ लागला नाही, बोलणीही खावी लागली. पण एकदा धावलेली गाडी पुन्हा गप्प बसवणं अवघड. नंतर रीतसर चाचण्या झाल्या. त्याच वर्षी शर्यतपटू डेव्हिड हॉब्स याने मायराच्या, बाहेरून उंच आणि आत उतरत्या वळणांच्या ट्रॅकवर एक फेरी मारली ती सरासरी ताशी १६१.६ मैलांनी. २६० किलोमीटर! ब्रिटनमधल्या बंदिस्त ट्रॅकवरचा हा विक्रम पुढची तीस वर्षं टिकला.

शर्यत मात्र एकही नाही. १९६८ पासून ल माँमध्ये प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बनवलेल्या गाड्यांना तीन लिटरची मर्यादा आली, आणि पाच लिटरच्या या इंजिनाला दारच बंद झालं. गाडी पुन्हा कोपऱ्यात. एप्रिल १९७० मध्ये सेयर गेले, त्रेपन्न वर्षांचे होते.

(पुन्हा मायरा. थांबलेलं चित्र सुरू.)

ई-टाइपच्या नव्या इंजिनाची पूर्वज दाखवायची, म्हणून तिला कोपऱ्यातून काढलं. शॉट मिळाले होते. वेग ताशी सुमारे १४० मैल. वळणाच्या उंच काठावर असताना मागच्या उजव्या चाकाने दगा दिला.

गाडी कठड्यावर आदळली आणि कोलांट्या खात मैदानात गेली. ड्यूइसने इंजिन बंद केलं आणि डॅशबोर्डखाली अंग घुसवलं. डोक्यावर छप्पर नाही, बसून राहिला असता तर संपलाच होता. बाहेर आला तो धडधाकट. पुढे वयाच्या ९८ व्या वर्षापर्यंत जगला.

गाडीचा मात्र चुराडा. अ‍ॅल्युमिनियमचा लगदा गोळा करून आणला आणि ठेवून दिला. मूळ पत्रा ठोकला होता कॉव्हेंट्रीच्या अ‍ॅबी पॅनल्सने. तिथले एडवर्ड लोड्स यांनी तो ढिगारा पाहिला आणि म्हणाले, करून देतो. पत्रा ज्यावर ठोकून बसवला, त्यातले काही जुने साचे अजून शिल्लक होते. जुलै १९७३ मध्ये, सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर ब्रिटिश ग्रां प्री शर्यतीच्या वेळी, लोकांनी ही गाडी पहिल्यांदा उघड्यावर धावताना पाहिली. कुणाशी स्पर्धा नव्हती. नुसती एक चक्कर.

यात एक गंमत आहे. ज्या फोर्डपुढे ही गाडी उतरलीच नाही, त्याच फोर्डने १९८९ मध्ये अख्खी जॅग्वार विकत घेतली. आणि २००८ मध्ये विकली ती आपल्या मुंबईच्या टाटा मोटर्सला.

(ब्रिटिश मोटर म्युझियम, गेडन. गाडीभोवती सावकाश फिरणारा कॅमेरा.)

आज ती इथे असते. जॅग्वारवाले स्वतःच सांगतात, की ही हुबेहूब मूळची गाडी नाही. जुना फोटो शेजारी धरून चाकांवरच्या कमानी बघा. आता तिथे बाहेर वळलेली कड आहे. सेयर यांच्या आकड्यांत ती नव्हती.