शेवटचे तीन डेसिबल

(दृश्य: डोंगरउतारावरची वस्ती. छपरांवरच्या अँटेना, काही ताठ, काही वाऱ्याने मान टाकलेल्या.)

निवेदन:
वस्तीतल्या वरच्या घरात टीव्ही स्वच्छ दिसतोय. पन्नास पावलं खाली उतरलं, की तीच वाहिनी चौकोन-चौकोन होऊन थबकते. वळणाआडच्या शेवटच्या घरात तर नुसतीच निळी पाटी: सिग्नल नाही. तिन्ही घरांत टीव्ही एकाच जातीचा, अँटेना एकाच मापाची, आणि मनोराही एकच.

अ‍ॅनालॉग होतं तेव्हा या शेवटच्या घरालाही काहीतरी मिळायचं. पडद्यावर मुंग्या यायच्या, माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली उभी राहायची, पण आवाज कळायचा. सिग्नल जेवढा कमी, तेवढं चित्र वाईट, असा सरळ व्यवहार होता. डिजिटलने तो मोडला. डिजिटल प्रक्षेपणात चित्राबरोबर चुका दुरुस्त करायची शिदोरीही पाठवलेली असते. ती पुरते तोवर चित्र निर्दोष. ती संपली, की आधी चौकोन, मग तुटका आवाज, मग काळोख. निर्दोष चित्र आणि काळोख यांच्यात बऱ्याचदा एक-दोन डेसिबलचंच अंतर असतं. डेसिबल म्हणजे सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं माप. तंत्रज्ञ या जागेला कडा म्हणतात. कड्यावर अलीकडे उभं राहता येतं किंवा खाली पडता येतं, अधांतरी राहता येत नाही.

डेसिबलचे दोनच आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. 3 डेसिबल गेले म्हणजे ताकद निम्मी झाली. 10 गेले म्हणजे एक दशांश उरली.

(दृश्य: जगाचा नकाशा. एकेका देशावर तारखा उमटतात.)

निवेदन:
2006 साली जिनिव्हात युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या देशांनी करार केला: 17 जून 2015 नंतर अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाला लहरींच्या गर्दीतून संरक्षण मिळणार नाही. काही देशांनी ही तारीख पाळली, काहींच्या हातून निसटली. मात्र प्रगतीपुस्तकात सगळ्यांनी एकच आकडा लिहिला: किती टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचलो. टक्केवारी माणसांची होती, जमिनीची नव्हती. दाट वस्तीचं शहर एका मनोऱ्यात उरकतं. शेवटच्या दोन-तीन टक्क्यांसाठी शेकडो छोटे मनोरे लागतात, कारण ती माणसं दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली असतात.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे बदल 2007 मध्ये व्हाइटहेव्हन या किनाऱ्यावरच्या गावातून सुरू झाला आणि ऑक्टोबर 2012 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये संपला. सुमारे 80 मोठे मनोरे आणि त्यांच्या सावलीतल्या दऱ्यांसाठी हजाराहून अधिक छोटे पुनर्प्रक्षेपक, म्हणजे सिग्नल झेलून पुन्हा सोडणारे मनोरे. सार्वजनिक प्रसारकांचे वाहिनी-गठ्ठे (एकाच लहरीवर एकत्र पाठवलेल्या वाहिन्या) साडेअठ्ठ्याण्णव टक्के घरांपर्यंत गेले. व्यापारी वाहिन्यांचे गठ्ठे मात्र मोठ्या मनोऱ्यांवरच थांबले. त्यांची पोच सुमारे 90 टक्के. छोट्या पुनर्प्रक्षेपकाखालच्या घरात चित्र शहराइतकंच स्वच्छ असतं, फक्त वाहिन्यांची यादी तोकडी. अशा घराने अँटेना आभाळाला टेकवली तरी यादी वाढत नाही, कारण त्या वाहिन्या तिथल्या हवेत सोडलेल्याच नसतात. तरीही माणसं नवी अँटेना विकत घेतात.

अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग 12 जून 2009 ला बंद झालं, पण खेड्यापाड्यांत सिग्नल पुढे ढकलणाऱ्या छोट्या केंद्रांना 2021 पर्यंत मुदत मिळत गेली. जपानने 24 जुलै 2011 ही तारीख धरली. भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना मार्च 2012 पर्यंत सवलत दिली. भारताने केबलचं डिजिटलीकरण चार टप्प्यांत केलं. महानगरं पहिल्या टप्प्यात, खेडी चौथ्या. चौथ्याची मुदत 31 मार्च 2017. दूरदर्शनचं मनोऱ्यावरून होणारं डिजिटल प्रक्षेपण 2016 मध्ये 16 शहरांत सुरू झालं. खेड्यासाठी आधार राहिला तो छत्रीचा, म्हणजे 2004 पासून मासिक शुल्काशिवाय चालणाऱ्या उपग्रह सेवेचा. ऑस्ट्रेलियानेही मनोऱ्याच्या सावलीत अडकलेल्या घरांसाठी उपग्रहाचीच वाट धरली.

(दृश्य: आभाळाकडे तोंड केलेली डिश. मागे झाडाची फांदी हलते आहे.)

निवेदन:
कागदावर उपग्रह म्हणजे समता. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर तो एका जागी थांबल्यासारखा असतो. खाली शहर आहे की पाडा, त्याला ठाऊक नसतं. पण मनोऱ्याचा हिशेब प्रसारक सांभाळतो, छत्रीचा हिशेब घरावर येऊन पडतो. सगळा घोळ इथे सुरू होतो.

60 सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम 3 अंश रुंद असते. नेम दीड अंशाने चुकला, की 3 डेसिबल गेले. दीड अंश म्हणजे किती? डिशची कड जेमतेम 8 मिलिमीटर सरकली, इतकंच. कपडे वाळत घालायची दोरी डिशच्या खांबाला बांधली, तर एवढं सहज होतं. कोरड्या दिवशी चित्र तरीही दिसत राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. गेलेले 3 डेसिबल पावसासाठी राखून ठेवलेले होते, हे पहिल्या सरीला कळतं. 12 गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर पावसाच्या थेंबांत शोषली आणि विखुरली जाते. अशा वेळी दोष ढगांना दिला जातो.

(दृश्य: खांबाला पाणसळ लावलेली. बुडबुडा मध्यावर येतो.)

निवेदन:
डिश बसवताना पहिलं काम खांब ओळंब्यात आणण्याचं, आणि नेमकं तेच बहुतेकदा टाळलं जातं. खांब कलता असेल तर कोनाच्या पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो आणि डिश डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते. होकायंत्र लोखंडी खांबाला चिकटवून दिशा बघू नये. सुई खांबाचंच ऐकते. चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्यावी. आणखी एक फसगत: घरगुती डिशची एलएनबी, म्हणजे डिशसमोरची सिग्नल झेलणारी डबी, मध्यावर नसून खालच्या अंगाला असते, म्हणून डिश वाटते त्यापेक्षा वीसेक अंश वर बघत असते. समोर झाड मोकळं आहे का, हे ठरवताना ते वीस अंश धरायला हवेत.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, ताकद आणि गुणवत्ता. ताकदीची पट्टी चुकीच्या उपग्रहावर, कधी नुसत्या गोंगाटावरही भरते. बघायची ती गुणवत्ता. बॉक्सला आकडा बदलायला काही सेकंद लागतात, त्यामुळे डिश नखभर हलवायची, थांबायचं, पुन्हा नखभर. घाईत माणूस योग्य जागा ओलांडून पुढे जातो. सगळ्यात चांगला आकडा मिळाला, की एलएनबी तिच्या पकडीत जरा डावी-उजवी फिरवून पाहायची. शेवटी नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकच नट एकदम आवळला, तर तो डिशला आपल्या बाजूला ओढतो.

जिथे पाऊस जोराचा तिथे 60 ऐवजी 90 सेंटिमीटरची डिश लावणं हा सरळ उपाय. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल हातात जास्त. पण मोठ्या डिशची नजर अरुंद, आणि वारा तिला जास्त झोडपतो. पातळ पाइपावर 90 ची डिश लावली तर मिळवलेलं सगळं वाऱ्यावर जातं.

(दृश्य: अगदी जवळून: सोललेली केबल, मधली तांब्याची तार, भोवती चंदेरी जाळी.)

निवेदन:
आता ही केबलची पिन बघा. मधली तार पिनच्या कडेबाहेर 2 ते 3 मिलिमीटर हवी. पांढरं आवरण आतल्या बैठकीशी सपाट टेकलेलं हवं. जाळी पूर्ण मागे उलटलेली हवी. या चित्रात डाव्या बाजूला जाळीचा एक केस सुटून मधल्या तारेला टेकतोय. त्या एका केसाने सगळं बंद पडतं.

याच तारेतून बॉक्स वर एलएनबीला वीजही पाठवतो. 13 व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या हेलकावणाऱ्या लहरींवरच्या वाहिन्या घेते, 18 दिले की आडव्या. जोडणी गंजली की वाटेत व्होल्टेज गळतं. 18 चे 14 उरले, तर एलएनबी समजते 13 च मागितलेत. मग निम्म्या वाहिन्या ठणठणीत आणि निम्म्या गायब. असं दिसलं तर डिशला हात लावू नका, पिना तपासा. पाणी शिरतं ते वरच्या पिनमधून, आणि जाळीतून वातीसारखं खाली झिरपतं. म्हणून पिनचं तोंड खाली, वरून पाणीरोधक टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ. झोळाच्या बुडाला पाणी टपकून जातं, भिंतीतून आत येत नाही.

(दृश्य: छपरावरची लांब काठ्यांची अँटेना. खाली टीव्हीमागे लटकणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर.)

निवेदन:
मनोऱ्यावरून येणाऱ्या सिग्नलचं गणित थोडं वेगळं. तो अँटेनापाशीच नाजूक असतो. 600 मेगाहर्ट्झवर चांगल्या प्रतीची 20 मीटर केबलसुद्धा 3 डेसिबल खाते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर लावायचा तर वर, अँटेनाच्या बुडाशी. टीव्हीमागे लावलेला अ‍ॅम्प्लिफायर केबलने खाऊन उरलेला सिग्नल वाढवतो आणि त्याबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो. पट्टी भरलेली दिसते, चित्र मात्र येत नाही. जवळ मोबाइलचा मनोरा उभा राहिला असेल, तर उलटाच प्रकार होतो: अ‍ॅम्प्लिफायर मोबाइलच्या लहरींनीच तुडुंब भरतो. तो काढल्यावर चित्र परत आलं, तर कारण सापडलं. मग आधी फिल्टर बसवायचा.

अँटेनाच्या काठ्या आडव्या की उभ्या, हेही मनोऱ्यागणिक ठरतं. ब्रिटनमध्ये मोठे मनोरे बहुतेक आडवे, छोटे पुनर्प्रक्षेपक बहुतेक उभे. चुकीच्या बाजूने लावली, तर 15-20 डेसिबलचा खड्डा पडू शकतो. शेजाऱ्याच्या अँटेनाकडे बघून लावावी, हा सल्ला शेजाऱ्याला चित्र येत असेल तरच घ्यावा.

आणि मग असा दिवस येतो, की सगळं जागेवर आहे, पण टीव्ही काळा. टीव्हीच्या वापरातल्या लहरींचा वरचा पट्टा मोबाइलला देण्यासाठी अनेक देशांनी वाहिन्या खालच्या पट्ट्यात हलवल्या. बॉक्सकडे जुना पत्ता असतो. पुन्हा सर्च मारला, की पाच मिनिटांत काम होतं. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही गोष्ट कळवायची सूचना टीव्हीवरच दिलेली असते. केबल निघालेली असताना सर्च मारला, तर काही बॉक्स आधीची यादीही पुसून टाकतात.

खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिलेलं असणंही पुरेसं नसतं. पहिल्या पिढीच्या ट्यूनरला दुसऱ्या पिढीचं प्रक्षेपण दिसतच नाही. एमपेग म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवायची पद्धत. एमपेग-2 चा बॉक्स एमपेग-4 ची वाहिनी उघडू शकत नाही. शहरात जुने झालेले बॉक्स खेड्यात येतात, आणि त्यांच्याबरोबर ही अडचणही येते.

(दृश्य: डोंगरमाथा. पलीकडच्या उतारावर एक अँटेना, अलीकडच्या उतारावर दुसरी.)

निवेदन:
वळणाआडच्या वस्तीसाठी उपाय आहे, आणि तो एकट्या घराला परवडत नाही. परवाना मिळत असेल तिथे माथ्यावर छोटा पुनर्प्रक्षेपक बसवता येतो. घेणारी अँटेना डोंगराच्या पलीकडे, देणारी अलीकडे, मध्ये कातळाचा आडोसा. तो आडोसा हवाच, कारण एकाच लहरीवर घेणं-देणं चालत असेल तर दिलेलं पुन्हा घेतलं जातं आणि यंत्र स्वतःच्याच आवाजात शिटी मारू लागतं. यंत्र सिग्नल जेवढा वाढवतं, त्यापेक्षा दोन अँटेनांमधला अडसर बऱ्याच डेसिबलने जास्त ठेवावा लागतो.

दुसरी वाट साधी: उंचावर एकच चांगली अँटेना आणि तिथून घरोघर केबल. इथे नेहमीची चूक म्हणजे स्प्लिटरला, म्हणजे सिग्नल समान वाटणाऱ्या डबीला, स्प्लिटर जोडत जाणं. दोन तोंडांचा प्रत्येक स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल घेतो, म्हणून पाचव्या घरापर्यंत सिग्नल कड्याखाली जातो. स्प्लिटरऐवजी टॅप वापरायचे. टॅप मुख्य केबलमधून ठरलेला थोडाच सिग्नल काढून देतो; आकडा जेवढा मोठा, तेवढा कमी: पहिल्या घराला 20 डेसिबलचा, पुढे 16, मग 12, शेवटी 8. जवळच्या घराला मुद्दाम कमी काढून द्यायचं, म्हणजे लांबच्याला उरतं. टीव्हीच्या पिनपाशी मोजलं, तर पहिल्या आणि शेवटच्या घरात आकडा 45 डेसिबल मायक्रोव्होल्टच्या (केबलमधला सिग्नल मोजायचं एकक) वर असावा आणि 70 च्या खाली.

(दृश्य: शेवटच्या घराची भिंत. टॅपचं एक तोंड मोकळं. मीटरवरचा आकडा थरथरतोय.)

निवेदन:
हे मोकळं तोंड असंच सोडलं, तर लहर त्याच्यावर आदळून मागे फिरते आणि मागच्या घरांतल्या काही वाहिन्या नासवते. त्यासाठी 75 ओमचं बोटाच्या पेराएवढं टोपण मिळतं.

(दृश्य: टोपण फिरवून बसवलं जातं. आकडा 52 वर स्थिर. आतून बातम्यांचा आवाज.)